गोवरी नावाची कोंबडी

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. म्हातारी म्हणजे फार नव्हे. पण इतकी वर्षं टिकलेल्या कोंबडीकडे आमच्यात जरा संशयानं पाहतात. ही अजून रश्श्यात कशी नाही? त्याचीच ही हकिकत.

माझा जन्म नारीनजवळच्या एका किरगिझ खेड्यात, उलकान अपांच्या, म्हणजे उलकान आजींच्या, खुराड्यात झाला. मी देखणी निघाले, म्हणून अपांनी माझं नाव तेझेक, म्हणजे गोवरी, असं ठेवलं. नजर लागू नये म्हणून लाडक्यांना असली नावं देतात. अपांच्या थोरल्या मुलाचं नाव कुचुक, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. तो आता शाळेत मुख्याध्यापक आहे.

खुराड्यालाही नजर लागू नये म्हणून अपा ते झाडत नसत. पायांखालची घाण कायम ओली असायची, उग्र वासानं डोळे चुरचुरायचे. कुणी शिंकलं की अपा नजर उतरवायला अर्चा नावाच्या सुगंधी झाडाच्या फांद्या पेटवून आत धूर करायच्या. मग आम्ही सगळ्याच शिंकायचो. माझी एक बहीण त्या हिवाळ्यात मेली. तिचं नाव पुरेसं वाईट नव्हतं, असं अपांचं मत पडलं.

मी पोटभर खात होते. पण घाणीतले जंतू सारखे अंगात शिरत आणि त्यांच्याशी लढायला माझ्या अंगात मोठं सैन्य उभं राही. दाणे मी टिपायचे, जेवायचं सैन्य. अंड्यासाठी काही उरत नसे. मी वाळले, तुरा फिका पडला.

"गोवरी नुसती बसून खाते," अपा एके दिवशी म्हणाल्या. "नौरुजच्या सणाला पाहुणे आहेत. हिचाच रस्सा करू."

"अपा, हिच्या रश्श्यात पाण्याशिवाय काय येणार?" सून एल्नुरा म्हणाली. "सणापर्यंत मला द्या. रिकाम्या मेंढवाड्यात ठेवते."

"ने. पण तिथं लखलखाट केलास तर अख्ख्या गावाची नजर लागेल. मग रडत येऊ नकोस."

"लागली नजर तर सुरी आहेच की तुमची."

एल्नुरानं मेंढवाडा खरवडला, चुना फासला, कोरडा पेंढा पसरला. खुराड्यात वापरलेले रबरी बूट ती दाराबाहेरच काढायची. दाणे मात्र तेच. हळूहळू शत्रू कमी झाले आणि माझं सैन्य घरी गेलं. तुरा लाल झाला.

नौरुजच्या सकाळी अपा सुरी घेऊन आल्या. पेंढ्यात माझं अंडं होतं, अजून गरम. अपांनी सुरी खाली ठेवली, अंडं उजेडात धरलं आणि त्यावर तीनदा थू थू केलं.

"शी! काय घाणेरडं अंडं आहे!"

इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधीच आलं नव्हतं. पाहुण्यांनी बटाटे खाल्ले.

आता अपा जुनं खुराडंही रोज झाडतात. नजरेचा धोका नको, म्हणून दारावर एक वाळकी गोवरी टांगलेली असते.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. आमची नावं हवी तशी ठेवा, दारावर हवं ते टांगा. फक्त आतली घाण काढा. मग तुम्ही टाकलेले दाणे लढाईवर खर्च होणार नाहीत, आणि सणासुदीला आम्हाला सुरी घेऊन येणारी पावलं ऐकावी लागणार नाहीत.