गोळीचं दूध

बाळ पुन्हा रडायला लागलं तसं थोरलीनं शिवणयंत्र थांबवलं. बाळंतपणासाठी तिच्याकडे आलेली धाकटी बहीण पलंगावर बाळाला छातीशी धरून बसली होती. बाळ दोनदा ओढायचं, मान फिरवायचं आणि घर डोक्यावर घ्यायचं.

"येतच नाही गं पुरेसं, ताई. आठ दिवस झाले!" धाकटी रडकुंडीला आली.

"येईल. धीर धर," थोरली म्हणाली. मनात मात्र वेगळंच होतं. नवरा मिळाला, बाळ मिळालं, आता रडायला कारणही हक्काचं! लहानपणापासून सगळं हिच्याच पदरात पडत आलेलं. थोरलीच्या वाट्याला आले ते कुणी नसताना कानात बोलणारे आवाज, मोडलेलं लग्न आणि रोजची गोळी. त्या गोळीनं आवाज गेले, यंत्रावर पुन्हा हात बसला, हेही खरंच.

पण चार महिन्यांपासून तिची पाळी बंद होती आणि छातीतून दूध झिरपत होतं. लाजेनं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाळ आल्यापासून मात्र लाजेखाली एक चोरटा आनंद होता: हे माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही.

धाकटी अंघोळीला गेली. बाळ थोरलीच्या मांडीवर कळवळू लागलं. तिनं हुक काढले. बाळानं तोंड पुढे केलं, आणि तिला गोळी आठवली. जे आपल्या रक्तात, ते या दुधातही असणार. तिनं बाळाला दूर धरलं.

"ताई! काय करतेस?" धाकटी दारात ओल्या केसांनी उभी होती.

"नाही पाजलं. शप्पथ, नाही पाजलं."

धाकटीनं बाळ ओढून घेतलं. मग तिची नजर थोरलीच्या छातीवरच्या थेंबाकडे गेली. "तुला... दूध येतं?"

त्या डोळ्यांत हेवा होता. जन्मभर थोरलीनं याचीच वाट पाहिली होती. आता तो समोर आला, तर तिला बघवेना. तिनं घाईघाईनं हुक लावले.

दुसऱ्या दिवशी धाकटीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"गोळीमुळे एक हार्मोन वाढतं, त्यानं होतं हे," रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधीच सांगायचं ना! पण मनानं गोळी बंद करायची नाही. हळूहळू दुसरी सुरू करू."

"आवाज परत आले तर?"

"म्हणून तर दर आठवड्याला यायचं."

"मी आणीन तिला," धाकटी म्हणाली.

आवाज आले नाहीत. महिनाभरात धाकटीचं दूध वाढलं, बाळाचे गाल भरले. पुढे थोरलीची पाळीही आली.

एका दुपारी बाळ झोपेतून रडत उठलं. थोरलीचा हात आपसूक छातीकडे गेला. कापड कोरडं होतं. क्षणभर तिनं हात तसाच ठेवला. मग बाळाला खांद्यावर घेऊन ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली.

"ऊठ गं," ती म्हणाली, "तुझ्या बाळाला भूक लागलीय."