जाऊबाई, पाय मारा!

बर्फाच्या कारखान्यामागे खडकांच्या दोन रांगांमधून समुद्र थोडासा आत शिरला होता. चार-पाच घरं मावतील एवढीच जागा. गावात तिला काही नाव नव्हतं, पण थोरली आणि धाकटी तिला कोनाडा म्हणायच्या. बाहेर लाटा कितीही आपटल्या तरी कोनाड्यातलं पाणी नुसतं वरखाली व्हायचं, गाढ झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं.

या दोघी सख्ख्या जावा. थोरली दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झालेली. नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. धाकटीचं घराच्या खालच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान, आणि तिचा नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. दुपारची कामं आटोपली की दोघी थर्मासमध्ये चहा भरायच्या, कोनाड्यातल्या सपाट खडकावर येऊन बसायच्या आणि पाण्यात पाय सोडायच्या. घरात कितीही वाजलेलं असो, इथे आल्यावर भांडण करायचं नाही असा नियम होता. कोणी केला होता ते दोघींनाही आठवत नव्हतं, पण तो मोडल्याचंही आठवत नव्हतं.

मागच्या वर्षी थोरलीच्या मुलाचं लग्न झालं. मुलगा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन, महिनोन्‌महिने बाहेर. सून आली ती थेट कोरड्या मुलखातून. तिच्या माहेरी समुद्र फक्त कॅलेंडरवर. मुलगी कामसू, हसरी, बाजारातल्या औषधांच्या दुकानात तिला लगेच नोकरीही लागली. पण कामावर जाताना किनाऱ्याचा जवळचा रस्ता सोडून ती टेकडीला वळसा घालून जायची.

"तिला आपला समुद्र आवडत नाही," धाकटी एकदा हळूच म्हणाली.

"आवडेल," थोरली म्हणाली. पण मनातून तिला ते लागलं होतं. आपल्या हातचं जेवण कोणी न चाखताच ताट बाजूला सारावं, तसं.

शेवटी एका रविवारी दोघींनी सुनेला जवळजवळ धरूनच कोनाड्यात नेलं. ती आली, पण पाण्यापासून लांब, कारखान्याच्या भिंतीला टेकून बसली. धाकटी तिला उत्साहाने एकेक गोष्ट दाखवत होती. हा खडक बघ, अगदी आपल्या काकांच्या नाकासारखा. हे खेकड्याचं बीळ. इथे पाणी गार, तिथे कोमट. सून मान डोलवत होती आणि पाय पोटाशी आवळून घेत होती.

तेवढ्यात धाकटीची चप्पल पाण्यात पडली.

नवी चप्पल. धाकटी ती पकडायला वाकली, खडकावरच्या शेवाळावरून तिचा पाय सटकला आणि ती धप्पकन पाण्यात! पाणी तिथे गळ्याच्या वर. "अगं बाई, मेले!" असं तिने ओरडलेलं ऐकताच थोरली हात द्यायला पुढे झाली. धाकटीने तो हात असा काही ओढला की थोरलीही आत. दोघी एकमेकींना घट्ट धरून एकमेकींनाच बुडवत होत्या.

मग काहीतरी झपकन त्यांच्या अंगावरून गेलं. काय होतंय ते कळायच्या आत धाकटीची मानगूट कोणीतरी धरली, तिला खडकाशी नेऊन टेकवलं, आणि परत येऊन थोरलीला काखेतून उचललं. सून! अंगावरच्या कपड्यांसकट, केस तोंडावर आलेले, पण श्वास अगदी शांत.

तिघी खडकावर बसून खोकत होत्या. म्हणजे दोघी खोकत होत्या. सून त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होती.

"आई, तुम्हाला पोहता येत नाही?"

"नाही."

"काकू, तुम्हालाही नाही?"

"मला कुठून येणार? मी शिंपीण."

"अहो, पण सगळा जन्म समुद्रावर काढलात!"

"काठावर काढला," थोरली जरा रागानेच म्हणाली. "पण तुला कसं येतं?"

"शाळेत असताना शिकले. आमच्या गावात तरणतलाव होता. मला दोनदा चषक मिळालाय."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"चषक मिळालाय," थोरली सावकाश म्हणाली, "आणि तू समुद्राला घाबरतेस?"

"तलावाला तळ असतो, आई. निळ्या फरश्या दिसतात. याच्या खाली काय आहे ते कोणाला माहीत!" असं म्हणता म्हणता तिचं लक्ष आपल्या ओल्या बाह्यांकडे गेलं. आपण आत्ता कशात उडी मारली होती ते तिला तेव्हा उमगलं असावं. तिने पाण्याकडे पाहिलं, मग पुन्हा स्वतःकडे, आणि एकदम म्हणाली, "पण एक सांगू? इथे काही करावंच लागत नाही हो! खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप वर येतो. तलावात असं नसतं. मी तुम्हाला आठवड्यात शिकवीन!"

चप्पल तोवर कोनाड्याच्या तोंडातून मोठ्या समुद्रात निघून गेली होती. धाकटीने तिच्याकडे पाहून हात हलवला. "जा बाई. दुसरी घेईन."

त्या दिवशी घरात जो गोंधळ उडाला तो उडाला. धाकटीच्या नवऱ्याने आधी बायकोला ओरडून घेतलं, मग तिला कोरडा टॉवेल दिला, मग पोहण्याचं ऐकून तो पोट धरून हसत सुटला. "या वयात? वहिनी, निदान तुम्ही तरी! दोघींच्या कमरेला माझ्याकडचं एकेक जुनं इंजिन बांधून देऊ का?"

"भावजी, तुमचं इंजिन बांधलं तर आम्ही तळालाच जाऊ," थोरली म्हणाली, आणि विषय संपला.

धाकटीने दुकानात उरलेलं ताणणारं कापड काढलं आणि रातोरात नव्हे, पण दोन दुपारींत तीन पोशाख शिवले, पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे. सुनेचा काळा, स्वतःचा निळा. थोरलीच्या वाट्याला आली भली मोठी पिवळी फुलं.

"ही फुलं मलाच का?"

"जाऊबाई, बुडालात तर लांबून दिसाल."

शिकवणी सुरू झाली. सून कामावरून आली की तिघी कोनाड्यात. पहिला धडा पाठीवर तरंगण्याचा. सुनेने धाकटीच्या पाठीखाली हात धरला, डोकं मागे टाकायला सांगितलं, कान पाण्यात जाऊ द्यायला सांगितले. धाकटीने डोळे मिटले, ती काहीतरी पुटपुटली आणि सुनेने हात काढून घेतला तेव्हा ती वरच होती! पाण्यावर पसरलेली, पिंपात पडलेल्या लाकडी झाकणासारखी. डोळे उघडून तिने आकाश पाहिलं आणि किंचाळली, "जाऊबाई! मी तरंगतेय! अहो, बघा ना!" किंचाळल्यामुळे तोंडात पाणी गेलं, पण तिला त्याचं काहीच नव्हतं.

थोरलीला मात्र जमेना. सुनेचा हात निघाला रे निघाला की ती कंबरेत वाकायची आणि बुडायची.

"आई, अंग सैल सोडा. काही होत नाही."

हे ऐकून थोरली पाण्यात उभीच राहिली. हेच वाक्य तिने जन्मभर इंजेक्शनची सुई हातात धरून लोकांना सांगितलं होतं. "अंग सैल सोडा, काही होत नाही." आणि लोक तिच्याकडे कसे बघायचे ते तिला आज समजलं. तिला हसू आलं, पण रडूही आलं असावं, कारण त्यानंतर चार दिवस ती आलीच नाही. गुडघा दुखतो म्हणाली. खरं तर धाकटी आधी शिकली हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. या घरात आजवर प्रत्येक गोष्ट तिनेच आधी केली होती.

पाचव्या दिवशी धाकटी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात पिवळ्या फुलांचा पोशाख.

"चला."

"गुडघा..."

"गुडघा पाण्यात दुखत नाही. तुम्हीच सांगत होतात पेशंटना. आणि मला एकटीला तिथे करमत नाही. तरंगताना बोलायला कोणी नसतं. ती पोरगी नुसती 'पाय मारा, पाय मारा' करते."

थोरली गेली. त्या दिवशी सुनेने काहीच सांगितलं नाही. धाकटीच बाजूला तरंगत राहिली आणि दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगायला लागली. त्या गिऱ्हाइकाला मापं घेताना शिंक आली आणि टेप कशी तुटली, ते. थोरली ऐकता ऐकता हसली, हसता हसता मागे रेलली, आणि गोष्ट संपली तेव्हा ती पाठीवर पडून आकाशाकडे बघत होती. कोणाचाही हात खाली नव्हता. कानात पाण्याचा आवाज, दूर कारखान्याची घरघर, आणि सगळं अंग हलकं. तिच्या मनात आलं, इतकी वर्षं मी या समुद्राच्या शेजारी बसत होते आणि याने मला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. की मीच उचलू दिलं नव्हतं?

पुढे तिला कोणी थांबवूच शकलं नाही. हात, पाय, श्वास, सगळं ती धडाधड शिकली. धाकटी काठावरून ओरडायची, "जाऊबाई, पाय मारा!" आणि थोरली पाण्याचे असे काही फवारे उडवायची की काठावरचा चहा खारट व्हायचा.

मग एका सकाळी थोरली म्हणाली, "आज बाहेर जाऊ."

"बाहेर कुठे?" सून दचकली.

"तोंडातून पलीकडे. समुद्रात."

सुनेचा चेहरा उतरला. कोनाड्यात ती माशासारखी फिरायची, पण तोंडाशी पाणी हिरव्याचं काळं व्हायचं, तिथून ती नेहमी मागे वळायची. "तिथे तळ दिसत नाही, आई."

"दिसत नाही, पण आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी जन्मभर बघतेय. मोठ्या ओहोटीला त्या तिथे बगळे उभे असतात. पाण्यावर नाही राहत उभे, वाळूवर राहतात. तिथे उंचवटा आहे. आज आपल्याला कंबरेएवढं पाणी लागेल. आता ओहोटी संपत आलीय, पाणी जरा थबकेल, तेव्हा जायचं. येताना भरतीच आपल्याला आत ढकलेल. तू माझ्या शेजारी राहा."

"मी? की तुम्ही माझ्या?"

"दोघी एकमेकींच्या. धाकटीला मध्ये घेऊ."

"मला कशाला मध्ये?" धाकटी म्हणाली, पण तोवर ती पाण्यात उतरलीही होती.

तोंडाशी पोचल्यावर सून थांबली. तिचे ओठ घट्ट मिटलेले. थोरली पुढे पोहत राहिली, पिवळी फुलं वरखाली होत राहिली. आणि मग सुनेने एक मोठा श्वास घेतला आणि ती काळ्या पाण्यावरून सरळ पुढे निघाली. थोडं अंतर. आणखी थोडं. धाकटी दमून "कुठे आहेत तुमचे बगळे, जाऊबाई, कुठे आहेत?" असं धापा टाकत विचारत होती आणि तेवढ्यात थोरलीच्या पायाला वाळू लागली.

"आहे! आहे गं! उभ्या राहा!"

तिघी उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये त्या, कंबरभर पाण्यात. सून वाळूत पाय रोवून रोवून बघत होती. "खरंच आहे! आई, खरंच आहे तळ!" ती उड्याच मारायला लागली.

मग तिघींनी मागे वळून पाहिलं.

समोर गाव होतं. त्यांनी ते या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. बर्फाच्या कारखान्याची पांढरी भिंत, टेकडीचा रस्ता, एकमेकांना खेटून बसलेली छपरं, आणि त्यांत त्यांचं घर. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, दुकानाचं निळं दार.

"एवढंसं आहे होय आपलं घर?" धाकटी म्हणाली.

"आणि डावीकडे कललंय," सून म्हणाली.

थोरलीचं सगळं आयुष्य त्या घरातून समुद्राकडे बघण्यात गेलं. समुद्राला आपलं घर असं दिसत होतं, हे तिला आज कळत होतं. कललेलं, एवढंसं, उन्हात चमकणारं. तिला ते फार आवडलं.

इतक्यात घराच्या मागच्या दारातून धाकटीचा नवरा बाहेर आला. त्याने डोळ्यांवर हात धरला, समुद्राच्या मध्यात तीन बायका उभ्या दिसल्या, आणि हातातला पाना टाकून तो खडकांकडे पळत सुटला.

"काय झालं? कोण बुडालं? थांबा, बोट आणतो!"

"अहो!" धाकटी सगळा जोर लावून ओरडली. "आपलं घर रंगवायला झालंय!"

तो खडकावर उभा राहिला, तोंड उघडं, एक पाय डबक्यात. आणि पाण्यात तिघी इतक्या हसायला लागल्या की एकमेकींना धरूनच त्यांना उभं राहता आलं.

भरतीने त्यांना अलगद आत आणलं. घरी आल्यावर तिघींनी पातेलंभर अंडी उकडून खाल्ली. तेवढ्यात जहाजावरून मुलाचा फोन आला. तिघी एकदमच बोलायला लागल्या. बगळे, वाळू, चादरी, पिवळी फुलं. त्याला एक अक्षर समजेना. शेवटी काकांनी, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, फोन ओढून घेतला.

"ऐक. तुझी आई, तुझी काकू आणि तुझी बायको आज समुद्राच्या मध्यात उभ्या होत्या."

"बोटीत?"

"नाही रे. पाण्यात. स्वतःच्या पायांवर."

मग मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला, "काका, तुम्हाला येतं पोहायला?"

काकांनी घाईघाईने फोन सुनेच्या हातात दिला. तिघी त्यांच्याकडे बघायला लागल्या. धाकटी उठली, आणि त्याच ताणणाऱ्या कापडाचा गठ्ठा उपसायला दुकानात गेली.