ऐनवेळचा विषय

गावच्या दूधसंस्थेची वार्षिक सभा म्हणजे बावीस मिनिटांचं काम. चेअरमन लालासाहेबांनी विषय वाचायला घ्यावा, तो संपायच्या आत पुढच्या रांगेतल्या केरबा तात्यांनी "मंजूर" म्हणून आरोळी ठोकावी आणि मागून सगळ्या हॉलने तीच ओढावी. कशाला मंजुरी दिली हे विचारायला कोणाला सवड नसे, कारण तोवर मागे मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण निघालेलं असे.

पंचाईत व्हायची ती अंजनाची. तिच्या माळवस्तीवरच्या अकरा बायका रोज दोन वेळा दुधाच्या किटल्या घेऊन, ओढा ओलांडून, दीड किलोमीटर चालत डांबरी सडकेवर यायच्या. दूधगाडी वस्तीपर्यंत यावी, एवढंच तिला सभेत सांगायचं होतं. गेल्या वर्षी मुलीने, पूजाने, तिला झकास भाषण लिहून दिलं. सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक मंडळ अशी एकेकाची नावं घेता घेता ती अडखळली, पुढची ओळ सापडेना, आणि बघते तर सगळा हॉल उठून उभा. क्षणभर तिला वाटलं, आपल्याला मानच देतायत. पण राष्ट्रगीत सुरू झालं होतं.

ही गोष्ट तिच्या फार मनाला लागली. एरवी म्हशीला घातलेली हाक पलीकडच्या माळावर ऐकू जायची, आणि माणसांपुढे मात्र दातखीळ बसली, याची तिला लाज वाटायची.

दहिवडीच्या बाजारात चांदबी चाचीकडे बांगड्या भरताना तिने हे बोलून दाखवलं. चांदबीचं बांगड्यांचं दुकान तीस वर्षांचं, आणि भोवती कायम बायकांचा घोळका.

"चाची, येवड्या बायकांपुढं बोलायचं तुमाला भ्या न्हाई वाटत?"

"मी कुठं येवड्यांशी बोलती?" अंजनाचा पंजा दाबत चांदबी म्हणाली. "जिचा हात धरलाय तिच्याशीच बोलती. बाकीच्या आपसूक ऐकत्यात. तू सगळ्यांकडं बघत बसलीस, म्हनून घाबरलीस. येकाचा हात धर. आन् नावं घेत बसू नगं, आदी बांगडी दाव."

त्या दिवसापासून किटली घेऊन चालताना अंजना पुढे चालणाऱ्या जावेला, संयोगिताला, रोज आपलं म्हणणं ऐकवू लागली. शेवटी संयोगिता म्हणाली, "ताई, गाडी न्हाई आली तरी चालंल, पर आता पुरं करा."

यंदाच्या सभेला अंजनाकडे कागद नव्हता. "ऐनवेळचे विषय," लालासाहेब म्हणाले. "मंजूर," तात्या ओरडले. अंजना उभी राहिली. शंभरभर माना वळल्या. मग तिने नजरेनेच एकाचा हात धरला.

"आवं केरबा तात्या, विषय अजून निघालाच न्हाई. तुमी मंजूर काय केलंसा?"

हॉल हसला. तात्याही ओशाळून हसले. अंजनाने त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"तात्या, तुमच्या दारात दूधगाडी येती. आमच्या अकरा बायका किटल्या घिऊन वढ्यातनं येत्यात. गेल्या म्हैन्यात माजी जाऊ, संयोगिता, तितं घसरली. दूध वढ्याला गेलं, पाय पलास्टरात हाय. वरच्या अंगानं गाडीवाट हाय. गाडी वळवायला मी माजं खळं देती. आता तुमीच सांगा, माजं काय चुकतंय का?"

मागे पातेल्यावरचं झाकण कोणीतरी परत ठेवलं. मग तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चेअरमन, लिवून घ्या. गाडी माळवस्तीवर," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच न ओरडता, "मंजूर."

मागून सगळा हॉल तेच म्हणाला. लालासाहेबांनी लिहून घेतलं आणि वाचूनही दाखवलं. अंजनाला इतकं बरं वाटलं, की ती बसायचंच विसरली. आभार झाले, राष्ट्रगीताला सगळे उठले, तेव्हा ती आधीपासून उभीच होती, आणि या खेपेला तिचं बोलून झालं होतं.