फुटलेलं रक्त

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या धुळ्याच्या दवाखान्यात वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतेय. दुसऱ्याची चूक दिसली की सोडत नाही.

अभिमन पिंपळनेरचा. वय एकेचाळीस, शाळेची बस चालवायचा. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलं, पण तो शुद्धीवर येईना. अशा वेळी मेंदू किती वाचलाय याचा अंदाज घ्यायला रक्तातला एक पदार्थ मोजतात. मेंदूच्या पेशी मेल्या की तो वाढतो. ते रक्त पुण्याला जातं आणि आमची गाडी चारला सुटते.

त्याचा हात सुजलेला, शीर सापडेना. मी बारीक सुई घातली आणि घाईघाईत जोरात ओढलं. मशीनमध्ये फिरवल्यावर सिरम पिवळं यायला हवं, ते लालसर आलं. म्हणजे रक्त फुटलं होतं. फुटलेल्या लाल पेशींतूनही तोच पदार्थ बाहेर पडतो आणि आकडा खोटाच फुगतो. मला काय हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी लॅब डोक्यावर घेतली असती. पण पावणेचार वाजले होते. जाऊ दे म्हटलं आणि पाठवून दिलं. फॉर्मवर एक अक्षर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा आला, एकशे अठरा. साठच्या वर गेला की शुद्धीवर येण्याची आशा फारच कमी धरतात. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या आकड्यावर जाऊ नका, बाकीच्या तपासण्या होऊ द्या." पण थोरला भाऊ भाईदास ऐकेना. "श्वास चालू आहे तोवर घरी नेतो, डॉक्टरसाहेब. आई वाट बघतेय. तिच्या हातचं पाणी तरी त्याच्या तोंडात पडू दे."

अँब्युलन्स दारात लागली. अभिमनची बायको ज्योती त्याच्या चपला पिशवीत भरत होती. त्या चपला बघितल्या आणि मला राहवेना. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, रक्त माझ्या हातून फुटलं, आकडा खोटा असू शकतो.

"अहो ताई, माणूस आहे तो!" भाईदास ओरडला. बरोबरच होतं त्याचं.

ज्योतीने माझा हात घट्ट धरला. "म्हणजे ते उठतील?"

माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणाले, "उठतीलही."

अँब्युलन्स रिकामी परत गेली. दुसरं रक्त मी अर्धा तास लावून काढलं. सिरम स्वच्छ पिवळं आलं. ज्योतीने चपला पुन्हा खाटेखाली मांडून ठेवल्या, उठल्यावर पायाशी सापडाव्यात अशा.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला अभिमनचं हृदय परत बंद पडलं. या वेळी ते सुरू झालं नाही. बाराला रिपोर्ट आला. चांगल्या रक्ताचा आकडा एकशे नऊ.

त्याची आई कमलबाई दुपारी पिंपळनेरहून पोचली. घरून भरून आणलेला पाण्याचा तांब्या तिने पदराखाली धरला होता. भाईदासने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हातारी हळूहळू माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, तू गाडी कसाले थांबाडी?" ती म्हणाली. मग तांब्या माझ्यापुढे धरला. "आते हाई पानी मी कोनले पाजू?"