गच्चीवरचा कायसर

लोकरीच्या कुत्र्याची शेपटी सकाळपासून तिसऱ्यांदा कुणाच्या तरी तोंडात गेली होती. नॉर्माबाईंनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर ओढली, लाळेची तार तुटेपर्यंत लांब धरली आणि मग एप्रनला हात पुसले. बावीस वर्षं बालवाडीत काढूनही त्यांची किळस काही मेली नव्हती. शेंबूड, ओल्या चड्ड्या, चिकट हात, हे सगळं त्या रोज निस्तरत आणि रोज मनातल्या मनात नाक मुरडत. खऱ्या कुत्र्यांचं तर नावच नको. पण आरेकीपा शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत कुत्र्यांचा रेबीज सापडला होता आणि कुत्र्यांशी दोस्ती कशी करायची याचा धडा प्रत्येक बालवाडीच्या गळ्यात पडला होता. गळ्यात पडला तरी शिकवायचं म्हटल्यावर नॉर्माबाई नीटच शिकवत.

"कुत्रा दिसला की पहिल्यांदा काय करायचं?"

"थांबायचं," अठरा पोरं एका सुरात म्हणाली.

"मग?"

"मालकाला विचारायचं, हात लावू का?"

"आणि मालक नसेल तर?"

"झाड व्हायचं."

लगेच अठरा झाडं उभी राहिली. हात छातीशी घट्ट, नजर जमिनीवर, तोंडातून आवाज नाही. एका झाडाचं बोट नाकात होतं.

मालक हो म्हणाला तर मूठ मिटून खाली धरायची, कुत्र्याला हुंगू द्यायचं, तो आपण होऊन जवळ आला तरच मानेखाली खाजवायचं. डोक्यावर थापट्या नाहीत, गळामिठी नाही, तो जेवत असेल किंवा झोपला असेल तर वाटेलाच जायचं नाही. एकेक पोर पुढे येऊन लोकरीच्या कुत्र्याला मूठ हुंगवत होतं. नायेलीची पाळी आली तेव्हा तिने डावी मूठ पुढे केली. उजवा हात स्वेटरच्या बाहीत आत ओढून घेतला होता.

"उजवा हात कुठे गेला गं?"

"तो झोपलाय."

पोरं हसली. नॉर्माबाई वाकल्या आणि त्यांच्या नाकात वास शिरला. जळक्या केसांचा, आणि त्याखाली काहीतरी आंबल्याचा. त्यांनी वर्ग मदतनीस मुलीवर सोपवला आणि नायेलीला मोरीपाशी नेलं.

बाहीखाली मनगटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि ती कातडीला चिकटली होती. पाण्याने भिजवून भिजवून ती सुटली तेव्हा खालून काळा लगदा निघाला. कुत्र्याचे जाळलेले केस, तेलात कालवून जखमेत दाबून भरलेले. तो धुतल्यावर दोन दातांची भोकं दिसली, काठाने पिवळा पू. चावलेल्या कुत्र्याचेच केस जाळून लावले की जखम भरते, हे या वस्तीत अजूनही चालतं. नॉर्माबाईंच्या आजीनेही ते कुणाकुणाला लावलं होतं. त्यांनी साबण घेतला आणि नळ मोठा सोडला.

"कोण चावलं, बाळा?"

"कायसर."

कायसर म्हणजे नायेलीच्या आजोबांचा गच्चीवरचा कुत्रा. वस्तीत बहुतेक घरांवर असा एक कुत्रा असतो. त्याला खालून हाडं फेकायची, त्याने वरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचं, एवढाच दोघांचा संबंध. नायेलीचे आजोबा फाउस्तो हे वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. गेल्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी बालवाडीच्या याच अंगणात कर्णा हातात घेऊन ते जबाबदार मालक कसा असावा यावर अर्धा तास बोलले होते. लोकरीच्या कुत्र्याला कवटाळून त्यांनी फोटोही काढून घेतला. कायसरला मात्र लस दिली नाही. गच्चीवरच्या कुत्र्याला चावायला कोण चढणार आहे, असं म्हणून त्यांनी हात झटकले. उत्सवातल्या फटाक्यांना घाबरून कायसरने खाली उडी मारली होती आणि तिसऱ्या दिवशी फाटका कान घेऊन तो परत आला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अध्यक्षांना कोण बोलणार?

"कधी चावला?"

"रविवारी. पाहुणे आले होते, आदोबोचा रस्सा खायला. कायसरला खाली आणलं होतं." नायेली नळाखालच्या हाताकडे बघत सांगत होती. "मी विचारलं, बाई. आजोबा, हात लावू का? ते म्हणाले लाव की, मिठी मार, बघा किती गरीब आहे ते. मी मिठी नाही मारली. मी मूठच धरली."

पोरीने धडा अक्षर न अक्षर पाळला होता. नॉर्माबाईंच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्यातली थोडी त्यांच्या स्वतःवरही होती. मालकाला विचारा, हे त्यांनीच शिकवलं होतं. पाहुण्यांपुढे मिरवायला एखादा मालक नातीचा हात कुत्र्याच्या तोंडात देईल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रविवारी चावला आणि आज शुक्रवार. पाच दिवस ही पोर हा लगदा मनगटात घेऊन चित्रं रंगवत होती.

नायेलीची आई वर डोंगरात खाणीच्या भटारखान्यात कामाला होती, पंधरा-पंधरा दिवस खाली यायची नाही. म्हणून आजोबांना बोलावलं. ते आले, चापून बसवलेले केस, अंगात कोट, हातात टोपी.

"काय बाई, एवढं काय आभाळ कोसळलं?"

"दवाखान्यात चला. आत्ता. लस घ्यावी लागेल."

"हां, ते चावलंय ना. घळीतला कुत्रा होता, काळा. भटका."

"ती कायसर म्हणतेय."

"पोरं काय, उद्या वाघ म्हणतील." अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "हे बघा, पाण्याच्या लाइनची फाइल अर्ध्यावर आहे. माझ्या नावाला डाग लागला तर ती तिथेच अडेल. माझी इज्जत म्हणजे वस्तीची इज्जत."

"तुमची इज्जत आत्ता मी तिच्या मनगटातून धुऊन काढली," नॉर्माबाई म्हणाल्या. "मोरीत अजून आहे थोडी. बघायची असली तर बघा."

अध्यक्षांनी दाराकडे मोर्चा वळवला. वाटेत ते नायेलीशेजारून चालले, खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या डाव्या हातात ठेवली आणि हळूच विचारलं, "कुठला कुत्रा?"

"घळीतला."

"रंग?"

"काळा."

"शाब्बास. परत सांग."

नॉर्माबाई दोन पावलं मागून ऐकत होत्या. झाड व्हायला त्या ज्या लाडाच्या सुरात शिकवत, त्याच सुरात हा माणूस पोरीकडून खोटं घोटून घेत होता. त्यांना त्या गोड आवाजाचीच शिसारी आली. लाळ परवडली, ती धुतली की जाते.

दवाखान्यातल्या सिस्टरने मनगट पाहिलं आणि कागद पुढे ओढला. "कुणाचा कुत्रा?"

"घळीतला काळा भटका," नायेलीने एका दमात म्हटलं आणि आजोबांकडे पाहिलं.

"काळा? मग पथकाला कळवते. घळीतली काळी कुत्री उचलून नेतील."

"खोटं आहे ते," नॉर्माबाई म्हणाल्या. "ह्यांच्या गच्चीवरचा कायसर चावलाय. त्याला लस दिलेली नाही."

"बाईंना कुत्र्यांचा मुळातच तिटकारा," अध्यक्ष सिस्टरकडे बघून हसले. "सगळ्या वस्तीला माहीत आहे."

तिटकारा खरा होता, म्हणून ते नॉर्माबाईंना जास्तच लागलं.

"कायसर आहे कुठे?" सिस्टरने विचारलं. "जिवंत असेल तर दहा दिवस नजरेखाली ठेवावा लागेल."

"गावी दिला. भावाकडे."

सिस्टरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. मग रोज शंभर वेळा म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "पोरीचं आज सुरू करते. घरात अजून कुणाला चावलाय, ओरबाडलंय, जखमेला लाळ लागलीय? असेल तर आत्ता सांगा. एकदा लक्षणं दिसली की माझ्याकडे औषध नाही, मोठ्या हॉस्पिटलातही नाही. माणूस जातो."

अध्यक्षांच्या हातातली टोपी फिरायची थांबली. "लक्षणं किती दिवसांनी दिसतात?"

"कुणाला काही आठवडे, कुणाला महिने. का?"

सिस्टर कपाटाकडे वळली. तेव्हा अध्यक्षांनी कोट काढला, शर्टाची डावी बाही वर सारली आणि कुणी न सांगता इंजेक्शनच्या स्टुलावर जाऊन बसले.

कोपराखाली पांढरीशुभ्र पट्टी होती. चिकटपट्टी कशी सरळ, चारी बाजूंनी. औषधाचा स्वच्छ वास सुटला.

"मंगळवारी," ते जमिनीकडे बघून म्हणाले. "पाणी ठेवायला वर गेलो. पाण्याला तोंड लावत नव्हता, फेस येत होता. चावला. बुधवारी मेला. पोत्यात घालून घळीत टाकला."

"पट्टी कुणी केली?"

"औषधाच्या दुकानात. चांगली धुतली साबणाने. दुकानदारही म्हणाला, लस घ्याच. उद्या जाणारच होतो, शहरातल्या दवाखान्यात. तिथे मला कुणी ओळखत नाही."

"हिला घेऊन?"

"हिचं तर भरत आलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "केस लावले होते ना."

सिस्टरच्या हातातली बाटली हातातच राहिली. नॉर्माबाईंनी आयुष्यात बरीच घाण उपसली होती, पण अशी समोर स्टुलावर बसून, बाही नीट दुमडून बोलणारी त्यांनी पाहिली नव्हती. मंगळवारपासून या माणसाला सगळं कळलेलं होतं. बुधवारी सकाळी त्याने पोरीला शाळेत सोडलं होतं, गुरुवारी सोडलं होतं, आज सोडलं होतं. त्यांना त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

"लवकर करा, सिस्टर," अध्यक्ष म्हणाले. "तीन वाजता सभा आहे."

नायेली स्टुलापाशी गेली. तिने त्या पट्टीला बोट लावून पाहिलं आणि मग आपलं उघडं मनगट तिच्याशेजारी धरलं.

"आजोबा, मला का नाही अशी लावली?"

अध्यक्ष बाही खाली ओढू लागले.

"कारण त्यांना भीती वाटली होती, बाळा," नॉर्माबाई म्हणाल्या. "स्वतःच्या जिवाची."

मग त्यांनी अध्यक्षांना दंडाला धरून स्टुलावरून उठवलं, स्वतः तिथे बसल्या, नायेलीला मांडीवर घेतलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "आधी हिला."