तीस हजारांत बसेल तेवढं

जानराव तिसऱ्यांदा मेहकरला आले, तेव्हा जानेफळपासून उभ्यानं आल्यामुळे गुडघे कुरकुरत होते. तीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली आडवं पडून काढलेल्या मेकॅनिकला एसटीतच जागा मिळू नये, याचा त्यांना एरवी संताप यायचा. आज संतापायचंही त्राण नव्हतं. प्रज्वलच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या स्टुलावर ते धपकन बसले आणि खिशातून यादीचा कागद काढला.

"काका, पुन्हा यादी बदलली का?" प्रज्वलनं विचारलं.

"यादी बदलली. पैसे तेवढेच हायेत. तीस हजार."

त्रेसष्टाव्या वर्षी माणसाला बंदुकांचे खेळ खेळायचा कॉम्प्युटर कशाला हवा, हे गावात प्रत्येकानं विचारून झालं होतं. बायको बेबीताई तर म्हणाल्या होत्या, "न्हाणीत शेवाळ धरलं, मी घसरून कंबरडं मोडीन, अन् तुमी गोळ्या झाडत बसा!" फरशीसाठी ठेवलेले पैसे मात्र त्यांनीच डब्यातून काढून दिले. खरं कारण त्यांनाही माहीत होतं.

कारण होती समता, नात. दोन वर्षांपूर्वी मुलाला, अश्वजितला, चाकणला नोकरी लागली आणि तो बायको-पोरीला घेऊन गेला. तोवर ही पोर रोज संध्याकाळी आजोबाच्या मांडीला टेकून फोनवर असलाच बंदुकांचा खेळ खेळायची. जानराव नुसते बघायचे आणि सांगायचे, "डाव्या अंगानं कोनी येऊन राह्यलं वं!" आता समता तेरा वर्षांची झाली होती. फोनवर बोलायची ती एवढंच : हो आजोबा. जेवले आजोबा. ठेवू का आजोबा? आबाचे आजोबा कधी झाले, ते जानरावांना कळलंच नाही. ते 'आजोबा' त्यांना काट्यासारखं सलायचं. अश्वजित म्हणाला होता, "खेळताना मात्र तोंड बंद नसते तिचं." पण ती आता कॉम्प्युटरवर खेळायची, आणि कॉम्प्युटरवाल्यांच्यात फोनवाल्याला शिरता येत नव्हतं.

मग हे तीन हेलपाटे.

प्रज्वल एकेक डबा काढून काउंटरवर मांडू लागला. आधी त्यानं लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट दाखवलं. "पोरं हेच मांगतात."

"मले उजेड नाई पायजे, साधं दे. पन पॉवर सप्लाय चांगला टाक. आमच्याकडचं व्होल्टेज तुले ठाऊक हाय. वायरिंग हलकी टाकली की गाडी कधी ना कधी पेटते."

प्रज्वलनं मान डोलावली. असं बोलणारं गिऱ्हाईक त्याला महिन्यातून एखादंच भेटत असावं. मदरबोर्ड हलका, मॉनिटर जुना, रॅम लागते तेवढीच. प्रोसेसर त्यातल्या त्यात बरा. बेरीज करून तो म्हणाला, "साडेतीन हजार उरतात. त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसते. ते घ्याच. त्याच्याबिगर गेम अटकन अन् तुमी पह्यल्या मिनिटात मरसान."

"अन् हेडफोन?"

"हा दोनशेवाला हाय ना."

जानरावांनी तो कानाला लावून पाहिला. इंजिनांच्या घरघरीनं त्यांचे दोन्ही कान अधू झाले होते. प्रज्वलनं लावलेलं गाणं त्यांना डब्यातल्या माशीसारखं ऐकू आलं. मग त्यांनी काचेमागचा मोठा हेडफोन मागितला. त्यात गाणाऱ्या बाईनं घेतलेला श्वाससुद्धा कळला. त्याला माइकही होता. किंमत तीन हजार दोनशे.

"काका, कार्ड नाई म्हंजे गाडी हाय अन् गियर नाई."

"उताराले लागली तं बिनागियरची बी चालते. हेडफोन दे."

पुढं वाद घालायची दोघांनाही उमेद नव्हती. दिवस मावळायच्या आत सगळं जोडून झालं आणि ओळखीच्या टेम्पोतून कॉम्प्युटर जानेफळला गेला.

रविवारी दुपारी समतानं त्यांना खेळात घेतलं. चौघांची टोळी होती : ती, तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी आणि जानराव. विमानातून बेटावर उड्या मारायच्या, शेवटपर्यंत जगायचं. जानराव आनंदानं माइकमध्ये ओरडले, "समे, मी आलो वं! कोठी हायेस तू?"

हेडफोन खरंच चांगला होता. दोन मुलींचं खिदळणं त्यांना लख्ख ऐकू आलं. एक म्हणाली, "हे कसं बोलतात गं?" आणि समता काहीच बोलली नाही. तीन हजार दोनशे रुपयांत तिचं गप्प बसणंसुद्धा स्वच्छ ऐकू आलं.

जानरावांना एकदम फार थकल्यासारखं झालं. पोरीला चारचौघींत खाली बघायला लावायला आलो का आपण? त्यांनी माइकचं बटन बंद केलं. बेबीताई दारातून म्हणाल्या, "काऊन, बोलत नाई का पोरगी?" त्यांनी नुसता हात हलवला.

स्क्रीन अडकत होती. पुढच्या मिनिटाला त्यांना कुणीतरी गोळी घातली. प्रज्वल खोटं बोलला नव्हता. पण मेलेल्या गड्याला हा खेळ हाकलून देत नाही, उरलेल्या सोबत्याच्या नजरेनं पुढचं दाखवतो. जानराव समताच्या डोळ्यांनी पाहू लागले. ती गवतातून वाकून चालली होती. तिच्या मैत्रिणीही एकामागून एक मेल्या. आता ती एकटी एका पडक्या खोलीत शिरली, आणि बाहेर पावलं वाजू लागली.

"आबा," ती कुजबुजली. "हाय का तुमी? बोला ना. कोनीकडून येऊन राह्यलं ते? मले समजून नाई राह्यलं."

मैत्रिणी फिस्सकन हसल्या. "समता, तू पण?"

"हसू नका बे!" समता खेकसली. "आबा हायेत माहे. त्याइले समजते. आबा, बोला ना!"

जानरावांचा हात बटनावर आधी गेला, डोळे मागाहून भरले. "डाव्या अंगानं," ते म्हणाले. "खिडकीपाशी कोनी हाय, वं माय. दम धर."

ती वळेपर्यंत खिडकीतून गोळी आली आणि तीही मेली. काळ्या स्क्रीनवर चौघांची नावं तेवढी उरली. जानरावांचे डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती, आणि गुडघे तर कधीचे आडवं व्हा म्हणत होते.

"आबा, आनखीन एक डाव?"

"हाव," जानराव म्हणाले.