डबा हलवायचा नाही

आमच्या यांचे हात थरथरायला लागले तेव्हा स्टुडिओ बंद झाला, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. त्या सकाळी मी फिल्मला उजेड लागू नये म्हणून रजईत हात खुपसून, डोळे असून आंधळी होऊन, फिल्म रिळावर चढवत होते आणि हे शेजारी बसून सूचना देत होते.

"ओढू नकोस. कड धरून सरकव."

"जन्मभर मला स्टुडिओतल्या त्या फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाहीत," मी म्हटलं, "आता सगळं एका दमात शिकवा."

फोटो लेकीचे होते. आजारपणात केस गेल्यापासून ती कुणाला फोटो काढू देईना. शेवटी शेवटी एकदा बापाला हो म्हणाली, आणि यांनी तिला खिडकीपाशी बसवून अख्खा रोल संपवला. ती गेल्यावर वर्षभर तो कपाटात पडून होता. दुकानात द्यायला हे तयार नव्हते. घरी धुवायचा तर फिल्म आणि ती धुवायचं औषध भरलेला बंद डबा सारखा उलटासुलटा करावा लागतो, आणि यांच्या हातात पाण्याचा पेला ठरत नाही.

मग यांनीच वाट काढली. औषध अगदी पातळ करायचं, ओतल्यावर डबा जरासा फिरवायचा, मध्ये एकदा हळूच कलवायचा, बाकी तासभर त्याला बोटही लावायचं नाही. डबा मी ओट्यावर ठेवला. "टेबल नको," हे म्हणाले, "माझा हात लागला की हलतं." मधलं कलवणंही माझ्याकडेच आलं. हे दोन्ही हात काखेत दाबून स्टुलावर बसून होते.

तास झाला. मी डबा उचलायला गेले.

"राहू दे अजून थोडं."

"तुम्हीच तास म्हणालात."

"पातळ आहे गं. काही होत नाही."

स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी यांचं आपलं "अजून थोडं". मला असा राग आला. मग कळलं, माणूस भ्यायलाय. डबा बंद आहे तोवर पोरगी आत आहे. उघडला आणि काहीच निघालं नाही, तर ती पुन्हा एकदा जाणार. खोटं कशाला सांगू, मीही भ्याले होते. मीही गप्प बसले.

उन्हं उतरली तेव्हा मीच उठून औषध ओतून दिलं, फिल्म पक्की करायचं दुसरं औषध घातलं, धुतलं आणि फिल्म बाहेर काढली. नको इतका वेळ औषधात राहून ती पार काळवंडली होती. उजेडासमोर धरली तर खिडकीची चौकट तेवढी कळत होती. जिथे चेहरा असायचा तिथे नुसता काळा डाग.

यांचे डोळेही आता अधू झालेत.

"दिसतेय का गं?"

यांच्या एकाही फोटोचं मी आजवर खोटं कौतुक केलेलं नाही.

"दिसतेय," मी म्हटलं.

"शेवटच्या फोटोत?"

"छान हसतेय."



"शेवटच्या फोटोला रडत होती ती," मग म्हणाले. "मी कॅमेरा खाली केला, तर म्हणाली, बाबा, असाच काढा."

यांनी काखेतून हात काढून फिल्मचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ती दोरीवर वाळत घातली.